द्वीपावरील विश्रांती आणि आपला परिहारकाल

वैद्यकविषयक त्रैमासिकात मालदीवच्या एका विलासी विश्रामधामाविषयी लेख यावा, याचे काही वाचकांना आश्चर्य वाटेल. प्रवासवर्णन लिहिण्याचा आमचा पिंड नाही आणि निळ्या पाण्याची वर्णने अन्यत्र पुष्कळ छापून येतात. तथापि त्या द्वीपावर घालविलेल्या पाच रात्रींनी आमच्या चिकित्सालयातील एका जुन्या चुकीवर नेमके बोट ठेवले, आणि ती चूक आमच्या एकट्याची नसावी अशी आमची दाट शंका आहे. म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम तेथे गेलो कसे, हे सांगणे प्राप्त आहे; नाहीतर वैद्यांचे बरे चालले आहे असा गैरसमज व्हावयाचा. आमचे मेहुणे हॉटेल व्यवसायात लेखापाल आहेत. त्यांना आप्तेष्टांसाठी मिळणाऱ्या सवलतीच्या दरात, विवाहास वीस वर्षे झाल्याचे निमित्त साधून, त्यांनी आम्हा उभयतांची सोय करून दिली. आमच्या औषधालयाचा सर्व हिशेब सौभाग्यवतींकडे असतो. वीस वर्षांत त्यांनी सलग चार दिवस सुटी घेतल्याचे आम्हास स्मरत नाही. निघताना त्यांनी एकच अट घातली : तिकडे कोणाची नाडी पाहावयाची नाही. ती अट अखेरपर्यंत पाळली गेली नाही.

मुंबईहून माले सुमारे तीन तासांवर आहे. तेथून पुढे पाण्यावर उतरणारे लहान विमान. ते केवळ दिवसाउजेडी उडते, त्यामुळे सायंकाळी उशिरा पोहोचणाऱ्या प्रवाशास रात्र मालेच्या परिसरातच काढावी लागते. सुमारे १२०० बेटांच्या या देशात १९७२ साली पहिले पर्यटक-निवासस्थान सुरू झाले आणि ‘एक बेट, एक निवासस्थान’ अशी पद्धत पुढे रूढ झाली. बेटांची भूमी समुद्रसपाटीपासून जेमतेम दीड मीटर उंच. नदी नाही, डोंगर नाही. पिण्याचे पाणी समुद्राचे क्षार काढून तयार केलेले. आमचे बेट चालत प्रदक्षिणा घालण्यास पंचवीस मिनिटे पुरत. सामान वाहणाऱ्या दोन विजेच्या गाड्यांखेरीज तेथे वाहन म्हणून काही नव्हते.

वैद्याच्या दृष्टीस मात्र तेथे पाण्याखेरीजही पाहण्यासारखे पुष्कळ आहे. केतकीच्या कुळातील वृक्ष किनाऱ्याने उभे आहेत आणि त्यांचे फळ स्थानिक लोक आवडीने खातात. शेवग्याचा पाला त्यांच्या स्वयंपाकात नित्याचा. ‘दिवेही बेस्’ नावाची त्यांची स्वतःची परंपरागत चिकित्सा आहे. तीत आयुर्वेद व युनानी या दोन्हींचे संस्कार दिसतात आणि चिकित्सकास हकीम म्हणतात. बेटावरील एका वृद्ध माळ्याने आम्हास त्यांचे वर्षाचे गणित सांगितले, तेव्हा तर आम्ही थक्कच झालो. वर्षाचे सत्तावीस भाग, ईशान्येकडील वाऱ्याच्या कोरड्या ऋतूत नऊ आणि नैर्ऋत्येकडील पावसाळी ऋतूत अठरा. भागांची नावे अस्सिद, बुरुनु, केति, रोनु अशी. अश्विनी, भरणी, कृत्तिका, रोहिणी! आमच्याकडचा शेतकरी मृग आणि आर्द्रा मोजतो, तसा हा दर्यावर्दी समाज त्याच नक्षत्रांवर मासेमारीचा आणि वादळाचा अंदाज बांधत आला. ऋतुचर्येचा धागा एवढ्या खाऱ्या पाण्यापलीकडे टिकून आहे, आणि आलिशान खोलीत उतरणाऱ्या शंभर पाहुण्यांपैकी एकासही त्याचा पत्ता नाही.

असो. मुद्द्याकडे वळतो.

पहिले दोन दिवस आमच्यावर कोणताही उपचार झाला नाही. काहीच झाले नाही, हाच उपचार. पहाटे जाग येत होती ती प्रकाशाने, घंटेने नव्हे. रात्री दहाच्या आत अंधार आणि लाटांचा एकसुरी आवाज. भ्रमणध्वनी खोलीतील तिजोरीत ठेवला होता. सौभाग्यवतींच्या मानेचा ताठा आम्ही गेली चार वर्षे नस्याने, पत्रपोट्टलीने आणि गुग्गुळकल्पांनी सांभाळीत आहोत. तो तिसऱ्या दिवशी निम्मा झाला. मलप्रवृत्ती, जिच्यासाठी रात्री चूर्ण ठरलेले, ती चूर्णावाचून सुरळीत झाली. त्यांनीच आम्हास विचारले, “मग इतकी वर्षे तुम्ही मला औषधं कशाची दिलीत?” प्रश्न थट्टेचा होता, पण आम्हास तो लागला.

आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य हे शरीराचे तीन उपस्तंभ, हे आपण पहिल्या वर्षाला पाठ करतो. त्यांपैकी निद्रेची चिकित्सा म्हणून आपण काय करतो? झोपेची तक्रार घेऊन येणाऱ्यास जटामांसी, सर्पगंधा, पादाभ्यंग सांगतो आणि तो ज्या घरात, ज्या रस्त्यावर, ज्या कामाच्या वेळांत झोपतो, त्याविषयी सहसा बोलत नाही. त्या द्वीपाने औषध वगळून उरलेले सर्व दिले होते. त्याचा गुण येतो, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. ‘श्रीमंतांचे चोचले’ म्हणून हात झटकणे सोपे आहे; त्याने वैद्यकाचा एक धडा मात्र बुडतो.

तिसऱ्या दिवशी आमची पावले अपरिहार्यपणे तेथील उपचारगृहाकडे वळली. नारळीच्या झावळ्यांनी शाकारलेल्या छताखाली शिसवी द्रोणी, पितळी धारापात्र, भिंतीवर धन्वंतरीची तसबीर. उपचारांचे पत्रक सुबक होते. त्यात साठ मिनिटांच्या शिरोधारेचे शुल्क १९० डॉलर, म्हणजे सोळा हजार रुपयांच्या आसपास, आणि सर्वांत वर ठळक अक्षरांत ‘पंचकर्म डिटॉक्स : चार रात्री’. भेटावयास आलेल्या तरुणीने आमचे आडनाव ऐकताच मराठीत बोलावयास सुरुवात केली. ती मूळची सांगलीकडची. पदवी घेऊन सहा वर्षे झालेली. त्या बेटावर दीड वर्षे नोकरीस. तिच्या छातीवरील पट्टीवर वैद्य हा शब्द कोठेही नव्हता. ‘वेलनेस कन्सल्टंट’ असे होते.

चार रात्रींत पंचकर्म कसे बसते, हे आम्ही तिला विचारले नाही. तिलाही ते गणित येतच होते. वाचकांसही येते, तरी एकदा मांडून पाहू. विरेचनापूर्वी स्नेहपान किमान तीन, कमाल सात दिवस. त्यानंतर अभ्यंग-स्वेदनासह तीन दिवसांचा विश्राम. चौथ्या दिवशी विरेचन. मग शुद्धीच्या प्रमाणानुसार पेया, विलेपी, यूष, मांसरस या क्रमाने तीन, पाच किंवा सात दिवसांचे संसर्जन. दीपन-पाचनाचे दिवस धरले नाहीत तरी दहा दिवसांच्या आत हे आटोपत नाही. प्रवर शुद्धी झाली तर पंधरवडाही अपुरा पडेल. बस्तीचा क्रम घेतला तर बस्तीचे जितके दिवस, त्याच्या दुप्पट परिहारकाल. आणि पाहुणा तर पाचव्या दिवशी विमानात बसणार. तेव्हा त्या पत्रकातील ‘पंचकर्म’ म्हणजे चार दिवस तेल, एक दिवस वाफ आणि फलाहार. यांपैकी एकही शोधनकर्म नव्हे. अभ्यंग उत्तम आहे, नित्य करावा असाच आहे. परंतु त्यास पंचकर्म म्हणणे हे दिनचर्येस शस्त्रक्रिया म्हणण्यासारखे होय.

त्यातही काल आणि अवस्था पाहिली जात होती असे नाही. अजीर्णात आणि कफग्रस्तास अभ्यंग वर्ज्य, हे वाग्भटांनी दिनचर्येच्या अध्यायातच सांगून ठेवले आहे. येथे न्याहारीच्या वेळी सहा प्रकारचे पाव, चीज, थंड मासे आणि फळांचे रस एकत्र सेवून पाहुणा दहा वाजता द्रोणीवर आडवा होत होता, कारण दहा वाजता त्याची वेळ राखलेली होती. शिवाय समुद्राने वेढलेली, नारळी-केळींची, वाऱ्याची ही भूमी म्हणजे शास्त्रातील आनूप देशाचे मूर्तिमंत उदाहरण; वात-कफप्रधान विकारांचा तो देश. सर्दी-पडशाचा, स्थूल, मंदाग्नीचा रुग्ण तेथे ‘डिटॉक्स’ करावयास धाडावा, हा विचार आम्हास तरी मानवत नाही.

आता त्या तरुण वैद्येची हकीगत. आम्ही जाण्याच्या काही दिवस आधी पन्नाशी ओलांडलेले एक युरोपीय गृहस्थ तिच्याकडे आले. रक्तदाबाची दोन औषधे चालू. आदल्या आठवड्यात कोठे तरी वाचलेले, म्हणून उद्याच विरेचन हवे, असा हट्ट. परवा त्यांचे परतीचे विमान. तिने नकार दिला. त्याऐवजी दोन दिवस मुगाचे कढण, हलका अभ्यंग आणि रात्रीचे भोजन सूर्यास्तापूर्वी, असे सुचविले. गृहस्थ रागावले, व्यवस्थापकाकडे तक्रार गेली. पाहुण्यास ‘नाही’ हा शब्द ऐकवावयाचा नसतो, अशी समज तिला मिळाली.

“सर, माझं चुकलं का?” तिने विचारले.

“मुळीच नाही. शास्त्रानेही बरोबर आणि व्यवहारानेही. भर समुद्रावर उडणाऱ्या विमानात वेग सुरू झाले असते तर?”

ती हसली. मग अगदी सहज, कोणताही आडहेतू नसताना तिने विचारले, “तुमच्याकडे विरेचनाला एकूण किती दिवस देता सर?”

आम्ही उत्तर दिले ते पाठ्यपुस्तकातील होते. खरे उत्तर त्या रात्री झोप उडवून गेले, आणि ते येथे लिहिणे हाच या लेखाचा उद्देश आहे.

दोन वर्षांपूर्वीच्या आश्विनात बँकेत अधिकारी असलेले एक गृहस्थ जुनाट शीतपित्तासाठी आमच्याकडे आले. विरेचन निश्चित ठरले, पण रजा नव्हती. आम्ही त्यांना घरीच तीन दिवस स्नेहपान सांगितले. मधल्या तीन दिवसांऐवजी एकच दिवस ठेवला. शनिवारी पहाटे चिकित्सालयात बोलावून त्रिवृत् लेह दिला. वेग अठरा झाले. मध्यम शुद्धी, म्हणजे पाच दिवसांचे संसर्जन. सायंकाळी त्यांना पेयेची कृती छापलेला कागद दिला आणि घरी सोडले. ते स्वतःच्या दुचाकीवरून निघाले. आमच्या गावातील उड्डाणपुलाचे काम त्या वेळी तीन वर्षे चालू होते. रस्ता कसा असेल याची कल्पना वाचकांनी करावी. वाटेत भोवळ येऊन ते पडले आणि मनगटाचे हाड मोडले. हाताला प्लास्टर घालून ते आठवड्याने भेटावयास आले, तेव्हा म्हणाले, “डॉक्टर, माझीच चूक. रिक्षा करायला हवी होती.” आम्ही ती क्षमायाचना निमूटपणे स्वीकारली. महिन्याभराने शीतपित्त पूर्ववत उठले. केसपेपरवर आम्ही शेरा लिहिला : ‘अपथ्यसेवन’.

शोधनानंतर टाळावयाच्या आठ महादोषकर भावांची यादी चरकांच्या सिद्धिस्थानात आहे : उच्च स्वरात बोलणे, वाहनाचे धक्के, अति चालणे, अति बसणे, अजीर्णावर भोजन, अहित भोजन, दिवसा झोपणे आणि मैथुन. प्रत्येकाने होणारे विकार आणि त्यांची चिकित्साही तेथेच दिली आहे, इतके त्यांस महत्त्व. वाहनाच्या धक्क्यांस तेथे रथक्षोभ असा शब्द आहे. ज्या काळी रथ मोजक्यांकडे होते त्या काळी आचार्यांस हा धोका दिसला. आम्हास दारासमोर दुचाकी उभी असूनही दिसला नाही.

हीच आठ कलमे घेऊन आम्ही त्या द्वीपाची परीक्षा केली. रथक्षोभ तेथे शून्य. उच्चैर्भाष्य शून्य, सेवकवर्ग तर कुजबुजल्यासारखा बोलतो. अति चालण्यास भूमीच नाही. येथपर्यंत द्वीप उत्तीर्ण. अति बसणे आणि दिवास्वाप यांची मात्र तेथे रेलचेल आहे, कारण आरामखुर्च्या त्यासाठीच मांडलेल्या. अजीर्णभोजन आणि अहितभोजन यांचा उल्लेख वर आलाच. आठव्या भावाविषयी, नवविवाहितांच्या त्या बेटाबाबत, न लिहिलेले बरे. म्हणजे आठांत तीन गुण. मग आमच्या चिकित्सालयाची तीच परीक्षा केली. रुग्ण धारेवरून उठतो आणि भ्रमणध्वनीवर ओरडून बोलतो, वाहनावर बसतो, दुपारी कचेरीत आठ तास बसून राहतो, सायंकाळी कोणाच्या तरी वाढदिवसाचा केक त्याच्या हाती येतो. आमचे गुण किती, हे वाचकांनीच ठरवावे. ज्या द्वीपाने पंचकर्माचे केवळ नाव घेतले आणि कर्म घेतले नाही, त्याने परिहार जपला होता. आम्ही कर्म घेतले आणि परिहार टाकला. दोघांनीही ग्रंथाचे अर्धेच पान फाडून नेले.

येथे काही वैद्यबंधू म्हणतील की, दहा-पंधरा दिवस निवास, सेवक, शांतता हे आपल्या मध्यमवर्गीय रुग्णास परवडणार कसे. तो द्वीपावरील धनिकांचा मार्ग झाला. या आक्षेपाचे उत्तर पुन्हा चरकांकडेच आहे. सूत्रस्थानाचा पंधरावा, उपकल्पनीय अध्याय काढून पाहावा. राजा किंवा धनवान यास वमन-विरेचन देण्यापूर्वी काय सिद्ध करून ठेवावे, याचे तेथील वर्णन आजच्या कोणत्याही विश्रामधामास लाजवील : मजबूत, निवांत घर, जेथे धूर, धूळ, ऊन आणि नकोसे आवाज पोहोचत नाहीत, स्वयंपाकी, स्नान घालणारे, अंग चेपणारे, गाण्यात आणि गोष्टी सांगण्यात निपुण माणसे, दुभती गाय, भांडी, अंथरुणे, आणि औषधांचा मोठा संभार. तेव्हा विश्रामगृहाची कल्पना पाश्चात्त्यांची नव्हे आणि मालदीवचीही नव्हे. परंतु आचार्य तेथे थांबत नाहीत. निर्धनासही दारुण व्याधी होतात आणि प्रत्येकाजवळ सारी साधने नसतात, हे त्याच अध्यायाच्या शेवटी ते मान्य करतात आणि संकटात पडलेल्या गरिबाने असा संभार न जमविताही शोधन घ्यावे अशी मुभा देतात. ती मुभा संकटासाठी आहे. रजा मिळत नाही हे संकट, असे मानून आम्ही ती प्रत्येक रुग्णास वाटत सुटलो.

आणि आमचा रुग्ण खरोखर निर्धन असतो काय? बँकेतील ते गृहस्थ पुढच्याच उन्हाळ्यात सहकुटुंब सिंगापूरला जाऊन आले. सहलीस रजा मिळते, उपचारास मिळत नाही, कारण सहलीस किती दिवस लागतात हे प्रवासी कंपनी ठामपणे सांगते आणि विरेचनास किती लागतात हे आम्ही चाचरत सांगतो.

औषधनिर्मात्या आणि औषधालय चालविणाऱ्या बंधूंसाठीही त्या उपचारगृहात एक प्रसंग घडला. सौभाग्यवतींनी शिरोधारेचे तेल तळहातावर घेऊन चोळले, हुंगले आणि म्हणाल्या, “हे नुसतं तिळाचं तेल आहे, वरून लव्हेंडर घातलंय. याला पाक लागलेलाच नाही.” कोणते तेल, असे विचारता तेथील सेविकेने ‘आमचे खास मिश्रण’ असे उत्तर दिले. फडताळात पाच लिटरचे डबे होते. त्यांवर वाहतुकीच्या चिठ्ठीखेरीज काही नव्हते. ना घटकद्रव्ये, ना ग्रंथाधार, ना समूह क्रमांक. डबे आपल्याच देशातून आले होते, एवढे चिठ्ठीवरून कळत होते.

आपल्या नियमावलीतील १६१ व्या नियमानुसार घटकद्रव्ये, परवाना क्रमांक, समूह क्रमांक आणि निर्मितीचा दिनांक वेष्टनावर असावे लागतात. अनुसूची ‘टी’ने निर्मितीची पद्धतही घालून दिली आहे. हे सारे सांभाळून क्षीरबला किंवा धान्वंतर तेलाचा पाक सिद्ध करणारा निर्माता आणि कच्च्या तेलात सुगंध मिसळणारा व्यापारी, हे दोघे परदेशी बाजारात एकाच दराने स्पर्धा करतात. त्यात पहिला हरणार हे उघड आहे. मोठ्या डब्यांची मागणी आली की ‘त्यांनाच हवे तसे देतो’ असे म्हणण्याचा मोह होतो, हे आमच्या घरातीलच अनुभवावरून सांगतो. आम्हीही एकदा एका ब्यूटी पार्लरला विनानावाचे तेल दिलेले आहे. तसे करू नये. डब्यावर तेलाचे नाव, ग्रंथ आणि पाक लिहून पाठवावा. घेणारा ते नाव खोडील तर त्याच्या हाताने खोडू द्यावे.

नावांचा हा प्रश्न शासनास सोडविता येत नाही असे नाही. केरळ राज्याने आयुर्वेद केंद्रांचे हरितपर्ण आणि ऑलिव्हपर्ण असे वर्गीकरण करून पर्यटकास दोन दर्जे दाखवून दिले. त्याच्या अंमलबजावणीविषयी कोणास शंका असतील, पण भेद करता येतो एवढे त्यातून दिसले. २०२३ साली भारत सरकारने आयुष प्रवेशपत्र, म्हणजे उपचारासाठी येणाऱ्या परदेशी नागरिकांकरिता स्वतंत्र व्हिसा, सुरू केला. म्हणजे त्या द्वीपावरील गृहस्थ उद्या कायदेशीररीत्या आपल्या दारी येऊ शकतात. ते आले तर त्यांना कोठे उतरविणार? बसस्थानकासमोरच्या पहिल्या मजल्यावर, जेथे धारा चालू असताना कर्णे वाजतात, तेथे? आपल्या संघटनेने अभ्यंगगृह आणि शोधनगृह असे दोन स्पष्ट वर्ग सभासदांपुरते तरी ठरवावेत; निवासाची सोय नसेल त्याने शोधनगृह हे नाव लावू नये, अशी आमची सूचना आहे. तीनुसार आमचे स्वतःचे चिकित्सालय परवापरवापर्यंत पहिल्याच वर्गात बसत होते.

त्या तरुण वैद्येविषयी एक शब्द. ‘पदवी घेऊन तेल चोळावयास परदेशी गेली’ असे बोलणारे ज्येष्ठ आमच्या ओळखीचे आहेत. येथे तिला खासगी रुग्णालयात रात्रपाळीची नोकरी होती, आणि तेथे तिने सहा महिन्यांत एकही आयुर्वेदीय औषध लिहिले नव्हते. द्वीपावर ती निदान मुगाचे कढण लिहिते. निघण्याच्या आदल्या सायंकाळी तिने मागच्या दाराने आम्हास सेवकांच्या भोजनगृहात नेले. तेथे स्थानिक कामगार भातावर माशांचे पातळ, निवळ कढण घेत होते, वर लिंबू आणि मिरची. त्यास ते ‘गरुदिया’ म्हणतात. पाहुण्यांच्या पंक्तीत आम्हास तो पदार्थ एकदाही दिसला नव्हता. “सर, हा मांसरसच ना?” ती म्हणाली. “कमी मसाल्याचा केला तर संसर्जनात शेवटी चालेल. मी मुदपाकातल्या माणसाला सांगून ठेवलंय, कधी कुणी चौदा दिवसांसाठी आलं तर.” तिच्या वहीत चौदा दिवसांचा आराखडा तयार होता, विरेचनासह, दीड वर्षात तो कोणी मागितला नव्हता. सौभाग्यवतींनी घातलेली अट तेथेच मोडली, कारण त्या मुदपाकातील माणसाने लागलीच मनगट पुढे केले.

परत आल्यावर औषधालयाच्या वरच्या दोन खोल्या आम्ही रिकाम्या केल्या. तेथे काढ्याच्या रिकाम्या बाटल्यांची खोकी होती. रस्त्याकडची खिडकी जाड पडद्याने झाकली, मागच्या अंगणाकडची उघडली. दोन खाटा, एक शेगडी, आणि पेया-विलेपी करून देण्यास शेजारच्या एक काकू. दूरध्वनी यंत्रे खाली कपाटात ठेवावयाची. शोधन घेणाऱ्याने संसर्जन पुरे होईपर्यंत येथे राहावे. अगदीच शक्य नसेल त्याची शुद्धी होईपर्यंत मुक्काम आणि परत जाताना रिक्षा, जिचे भाडे शुल्कातच धरलेले. पहिल्या चार महिन्यांत विरेचनाचे रुग्ण निम्म्याने घटले, हे लपविण्यात अर्थ नाही. सौभाग्यवतींच्या वहीत तो आकडा लाल शाईने आहे. बँकेतील त्या गृहस्थांना आम्ही स्वतः दूरध्वनी केला, केसपेपरवरील शेरा खोडल्याचे सांगितले, आणि पुन्हा विरेचन घ्यावयाचे झाल्यास त्यांच्याकडून शुल्क घेणार नाही असेही सांगितले. ते अजून आलेले नाहीत.

गेल्या महिन्यात मात्र एक शिक्षिका चौकशीस आल्या. अम्लपित्त, अर्धशिशी, रात्री दोनपर्यंत जागरण. खोली पाहिली, खाट पाहिली, खिडकीतील पेरूचे झाड पाहिले.

“डॉक्टर, पण इतके दिवस इथे राहून मी करायचं काय?”

“काहीच नाही,” आम्ही म्हणालो.

त्या बराच वेळ पेरूच्या झाडाकडे पाहत राहिल्या. दिवाळीच्या सुटीत जमते का पाहते, असे म्हणून गेल्या. शरद ऋतूच असेल, त्यामुळे विरेचनास तो काळ आम्हासही सोयीचा आहे.